स्टँडशिवाय साडेबारा

“उंची स्टँडसकट का स्टँडशिवाय?”

पौडच्या बाजारपेठेतल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक एकच. गळ्यात टेप, कानामागे खडू, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. चार दुकानं सोडून त्यांचं शिलाईचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. मी चोवीस इंची म्हटल्यावर त्यांनी मॉनिटरला आडवा टेप लावला.

“ताई, हे तर सव्वाएकवीस भरतंय.”

“तिरकं मोजतात चाचा. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.”

“तिरकं? उद्या मी सदऱ्याचं माप तिरकं घेतलं तर गिऱ्हाईक फिरकंल का माझ्याकडं?”

उंची स्टँडसकट सतरा, स्टँडशिवाय साडेबारा. दोन्ही आकडे त्यांनी चिठ्ठीवर लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा मोजले. तिसऱ्या दिवशीही. नुसती चौकशी करून जाणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला ते त्यांतलेच वाटले. “चाचा, मॉनिटर काय रात्रीत वाढतो का?” मी जरा चिडूनच विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी जन्मापासून बहिरी. लग्न होऊन ती सोलापूरला गेली. नवराही तसाच, ऐकू न येणारा. बायको वारल्यापासून चाचा दुकानामागच्या खोलीत एकटे. बापलेकीची भाषा हातांची, घरातच घडलेली. रोज दुपारी चारला व्हिडिओ कॉल.

“एका हातात फोन धरला की बोलाया एकच हात उरतो,” ते म्हणाले. “अन् एवढ्याशा काचंत पोरीची बोटं दिसत न्हाईत आता. दोन-दोनदा इचारावं लागतं. तिला वाटतं, बाप आपलं ऐकतच न्हाई.”

मी त्याच दिवशी त्यांची खोली बघायला गेले. टेबल एकच, त्यावर शिलाई मशीन. समोरच्या भिंतीत फडताळ, त्याचा मधला कप्पा सोळा इंच उंच. चाचांनी खाकी कागदाचे दोन मॉनिटर कापून ठेवले होते. सतरा इंची वर मुडपत होता. साडेबारा इंची नीट बसला, वर कॅमेऱ्यापुरती जागाही उरली.

“मग स्टँडशिवाय,” मी म्हटलं.

“व्हय. पण पोर माझ्या डोळ्यांसमोर पायजे. मान वर करून लेकीशी बोलत न्हाईत.”

मी त्या मधल्या कप्प्याच्या मागच्या फळीला, त्यांच्या नजरेच्या उंचीवर, मॉनिटर स्क्रूने बसवला, एक जुना कॉम्प्युटर जोडून दिला. चारला पडद्यावर मुलगी आली. कॉलवर चाचा पहिल्यांदाच दोन्ही हातांनी बोलले. दुकानात मोजूनमापून बोलणारा हा माणूस किती बडबड्या आहे, ते मी त्या दिवशी पाहिलं. कॉल संपला तरी ते काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. “आता उद्या,” म्हणाले आणि मशीनकडे वळले. त्या भाषेत त्यांच्याशी बोलणारं पौडात दुसरं कुणी नव्हतं.

वर्षभर हे चाललं. मग एका सकाळी त्यांचं दुकान उघडलं नाही. शेजाऱ्यांनी मागचं दार ढकललं. चाचा झोपेतच गेले होते.

“पोरीला आत्ता कळवलं तर ती संध्याकाळपतोर पोचंल. तवर मयत थांबवू,” शेजारचे भाई म्हणाले. पण फोनवर सांगणार कुणाला? तिथे दोघांनाही ऐकू येत नव्हतं. मेसेज लिहायला कुणाचं बोट धजेना. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते सगळं मीच जोडून दिलं होतं.

मी चाचांच्या खुर्चीत बसले आणि कॉल लावला. सकाळचे नऊ. अशा अवेळी तिच्या हातात फोन थरथरला असेल. पडद्यावर ती हसत आली, मोकळा हात आधीच वर उचललेला. मग तिला मी दिसले.

मला तिच्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता. मी नुसते हात जोडले. तिने माझ्या खांद्यावरून मागे, दारात उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. एकेकाचा चेहरा पाहिला. तिचा हात सावकाश खाली आला.

तिने फोन कुठेतरी ठेवून दिला. पडद्यावर तिच्या घरातला छताचा पंखा फिरत राहिला. आम्ही कुणीच तो कॉल बंद केला नाही.