पिकअपची लायटिंग

उमेळ्यातल्या आमच्या वाडीची भाजी वाहणारी ती जुनी पिकअप खड्ड्यात आपटली की तिचे हेडलाइट विझायचे आणि पुढच्या खड्ड्यात पुन्हा लागायचे. गॅरेजमध्ये नेली की मात्र शहाण्यासारखी वागायची. मेकॅनिकने आधी बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर. काकांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि पुढे लिंबू-मिरची बांधली. डोकं वापरायचं सोडून सगळं करून झालं.

शेवटी मी लाइट चालू ठेवून एकेक वायर हलवून पाहिली. डॅशबोर्डखालच्या एका वायरला हात लागला आणि लाइट गेले. तिचं प्लास्टिक ठिकठिकाणी सोललेलं होतं, वर गुंडाळलेली चिकटपट्टीही सुटली होती आणि आतली तार तुटायला आली होती. दर विसर्जनाला गणपतीची लायटिंग याच वायरवर जोडायची आणि नंतर ओढून काढायची, ही आमच्या घरची भक्ती. मी अख्खी वायर बदलली. लाइट धड झाले, कौतुक लिंबाचं झालं.

यंदा विसर्जनाच्या दुपारी काका ब्लेड घेऊन डॅशबोर्डखाली वाकलेले दिसले. वैतागून मला म्हणाले, "नवी वायर टाकलीस ती टाकलीस, पण लायटिंग जोडायला कुठे जागाच ठेवली नाहीस."