छतात उभं असलेलं जंगल

कोळशाच्या त्या खाणीत छत तपासणाऱ्याला सगळे ठोक्या म्हणायचे. पाळी सुरू व्हायच्या आधी तो पहार घेऊन पुढे जायचा, डोक्यावरच्या दगडावर ठोकायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं की छत पक्कं, बद वाजलं की खालून लाकडी टेकू. बावीस वर्षांत त्याच्या कानानं दगा दिला नव्हता. "घरी मात्र चार हाका मारल्या तरी ऐकू येत नाही," असं बायको म्हणायची.

बायकोच्या धाकट्या भावाला त्यानंच तिथे चिकटवलं होतं. एका दुपारी मेहुणा भिंतीला टेकून डबा उघडत होता. करकर नाही, मातीचा कणही झरला नाही, आणि छतातून पिंपाएवढा दगड सरळ त्याच्यावर आला. सकाळीच ठोक्यानं तिथे पहार मारली होती. खणखणीत वाजली होती.

चौकशीत नैसर्गिक अपघात ठरला. बायकोनं एकदाच विचारलं, "तुम्हीच पास केलं होतंत ना छत?"

"हो."

त्यानंतर ती ताट वाढायची, कपडे धुवायची, पण बोलणं कामापुरतंच.

महिन्याभरानं भूगर्भशास्त्राच्या एक बाई खाण बघायला आल्या. वाट दाखवायला ठोक्याला दिलं. बाजूला लोटलेल्या त्या दगडापाशी बाई गुडघ्यावर बसल्या.

"हे झाड आहे," त्या म्हणाल्या.

"दगड आहे, बाई. माझा मेहुणा गेलाय याच्याखाली."

बाईंनी दगडाच्या काळ्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूहळू सांगू लागल्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे दलदल होती. पडलेली झाडं साचून, दबून त्यांचा कोळसा झाला. त्या थरावर उभी असलेली झाडं पुराच्या गाळात गाडली गेली. आतलं लाकूड कुजलं, पोकळीत गाळ भरला, त्याचा दगड झाला. सालीचा मात्र कोळसा होऊन भोवती पातळ कडं राहिलं. "बुंधा खाली रुंद, वर निमुळता. खालचा कोळसा तुम्ही काढलात की त्याला धरून ठेवायला काही नाही. सालीवरून सटकतो."

"मग पहार मारली तेव्हा बद कसं नाही वाजलं?"

"आतून भरीव आहे ना. खणखणीतच वाजणार."

त्यांनी दिवा वर केला. छताच्या दगडात नेच्याची पानं उमटली होती, वहीत दाबून ठेवल्यासारखी. "एकही फाटलेलं नाही. म्हणजे लांबून वाहत आलेली नाहीत, इथल्याच रानाची आहेत. जिथे पानं दाट, तिथे बुंधे शोधा."

संध्याकाळी त्यानं हे सगळं बायकोला सांगितलं. ती भांडी घासता घासता थांबली. "म्हणजे ते काळं कडं तुम्हाला दिसत होतं?"

"रोज दिसायचं. काय आहे ते ठाऊक नव्हतं."

ती पदराला हात पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून तो खडू घेऊन फिरू लागला. पूर्वेच्या बोगद्यात छतात अशी एकोणीस काळी कडी सापडली. त्यानं प्रत्येकाभोवती गोल काढला आणि मॅनेजरकडे गेला.

"एकोणीस टेकू लावले तर कोळशाच्या गाड्या माझ्या डोक्यावरून नेऊ का?" मॅनेजर म्हणाला.

"मग बोगदा बंद ठेवा. मी छत पक्कं म्हणून सही करणार नाही."

आठवड्यात त्याची बदली दिवेखोलीत झाली. सही दुसऱ्यानं केली. कोळशाची धूळ पेटू नये म्हणून खाणीत दगडाची पांढरी भुकटी मारतात. ती मारली आणि खडूचे गोल दिसेनासे झाले.

ठोक्या दिवा देताना प्रत्येकाला बजावायचा, "पूर्वेच्या बोगद्यात वर बघून मगच उभे राहा." कुणी मान डोलवायचं, कुणी हसायचं. "ठोक्याला छतात झाडं दिसायला लागली!"

पावणेदोन महिन्यांनी एका पाळीला पूर्वेच्या बोगद्यातून एक दिवा परत आला नाही. भोक पाडायच्या यंत्रावरचा नवा माणूस होता, नुकतंच लग्न झालेला. त्याचे वडील कपडे न्यायला आले.

"तुम्ही सगळ्यांना सावध करायचात म्हणे. त्याला सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं. वर बघ म्हणून."

"वर काय बघायचं होतं?"

 मुलाला भुकटीखालचं काहीच दिसलं नसतं, हे त्या बापाला कसं सांगायचं, ते ठोक्याला कळेना. त्यानं कपड्यांचं गाठोडं पुढे केलं. म्हाताऱ्यानं ते छातीशी धरलं आणि तो तसाच उभा राहिला.

पूर्वेच्या बोगद्याच्या तोंडाशी महिनाअखेर भिंत घातली गेली.