शफलबॉटम

“हसून घे आधी,” असं म्हणत तो हात पुढे करायचा आणि मग आडनाव सांगायचा. शफलबॉटम. इंग्रजी कानाला त्यात ढुंगण घासत चालणारा माणूस ऐकू येतो. तुम्हीही हसला असतात. तो शांतपणे थांबायचा. गळ्यातल्या ओळखपत्रावर मात्र भलतंच, बायकोच्या माहेरचं आडनाव होतं.

कॅनडात, कॅल्गरीच्या आमच्या ऑफिसात तो ड्रॉइंग तपासायचा. साठीला आलेला. एकदा लंचला मी त्याला माझ्या आडनावाचा अर्थ सांगितला. गाढवे. शाळेत पोरं मला बघून रेकायची, तेही सांगितलं.

“मग बदललं नाहीस?”

“बदललं असतं तर बाबांनी तोंड पाहिलं नसतं माझं.”

तो हसेल असं वाटलं होतं. त्याने अर्धं सँडविच कागदात गुंडाळलं आणि उठून गेला.

पुढच्या आठवड्यात खाणीच्या कामासाठी आम्ही त्याच्या गाडीने सस्काटूनला निघालो. रस्त्यावरची नजर न काढता तो बोलायला लागला. मुलीला शाळेत चिडवायचे, म्हणून त्याने अख्ख्या घराचं आडनाव बदललं. वडील सस्काटूनजवळ शेती करायचे. त्यांना फोनवर कळवलं.

“ते म्हणाले, बॉटम म्हणजे दरी रे. इंग्लंडात एका दरीत झऱ्यावर मेंढ्या धुवायचे, तिथले आपण. तुला सांगायचं राहूनच गेलं. सॉरी.”

“रागावले नाहीत?”

“नाही ना! तेच मला सॉरी म्हणाले.”

मग वडील गेले. चर्चच्या दारात एका अनोळखी माणसाने नाव विचारलं. याने नवं सांगितलं. “पुढच्या रांगा घरच्यांसाठी आहेत,” तो माणूस नम्रपणे म्हणाला.

“मग?”

“मागे जाऊन बसलो. मुलगा आहे म्हणायला तोंडच उघडेना.”

“आता परत घे की ते आडनाव.”

“कुठल्या तोंडाने मागू?”

वडिलांच्या गावाबाहेरच्या छोट्या दफनभूमीपाशी त्याने गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

“तू जाऊन ये. मी बसतो.”

घोटाभर बर्फातून मी गेलो. तसल्या आडनावाचा दगड शोधायला वेळ लागला नाही. अक्षरांत बर्फ गोठला होता, तो हातमोज्याने खरवडून काढला.

वळून पाहिलं. काचेआड त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मान खाली होती. मी हाताने बोलावलं, पण त्याने वर पाहिलंच नाही.