मामांच्या पाणपिसवा

नर्तकी प्रयोगशाळेत पहिल्यांदा आली तेव्हा धरणीकंप झाला, असं मामा सांगत. निदान बाटल्या तरी हलल्या. ती दारातूनच झेपावली, पाणपिसवांच्या बरणीसमोर सपशेल लोटांगण घालून पडली आणि पंधरा मिनिटं हललीच नाही. बाईंना भोवळ आली असं समजून मामांनी चंचुपात्रभर पाणी तिच्या तोंडावर मारलं. तोंड पुसत ती म्हणाली, "यांना नाचायला कोणी शिकवलं हो?"

मामा तिथेच विरघळले.

मामा प्रयोगशाळेतले मदतनीस. अकरा वर्षांपूर्वी बागेतल्या हौदातून त्यांनी एक पाणपिसू आणली होती, पाण्यात उड्या मारत पोहणारा मोहरीएवढा जीव. पाणपिसवांचं बरं चाललेलं असलं की त्यांना नर लागत नाही, मुलींवर मुली होतात. त्यामुळे बरणीतल्या शेकडोजणी त्या एकीच्याच लेकी-नाती-पणत्या. मामी त्यांना सवती म्हणत. रविवारीही त्यांना खायला घालायला निघालेल्या नवऱ्याला त्या विचारत, "आणि आम्ही कुठल्या बरणीत बसायचं जेवायला?"

मामांचे नियम दोनच. ताजं नळाचं पाणी कधीही नाही, त्यातल्या क्लोरीनने त्या मरतात. दोन दिवस उघडं ठेवलेलं, शेवाळाने हिरवं झालेलं तेवढंच द्यायचं. आणि एक बरणी कायम राखीव, खिडकीत, बाकीच्या गेल्या तरी वंश राहावा म्हणून.

प्रयोगशाळेच्या मॅडम आणि नर्तकी मिळून कार्यक्रम बसवू लागल्या. काचेच्या पेटीतल्या पिसवा भिंतीएवढ्या पडद्यावर दिसणार आणि पुढे नर्तकी त्यांच्यासारखी नाचणार. उडी मामांनीच शिकवली. दोन्ही हात वर, एक झटका, मग तरंगत खाली. साठीला टेकलेला माणूस टेबलांमधून उडताना बघायला हिशेबनीससुद्धा वर येऊन गेले.

मग मॅडमनी राखीव बरणीही मागितली. पडदा भरायला हवा होता. मामा अडले. मॅडम म्हणाल्या, "मामा, एकही दगावणार नाही. मी स्वतः पेटीशी बसते." बावीस वर्षांच्या ओळखीवर मामांनी बरणी रिकामी केली.

कार्यक्रमाला मामा-मामी तिसऱ्या रांगेत होते. पडदा उजळला. पाणी स्फटिकासारखं होतं. पाऊण तासाने उड्या आखूड झाल्या. पिसवा गिरक्या घेत तळाशी जाऊ लागल्या. नर्तकीही तशीच गिरक्या घेत खाली गेली, फार सुंदर गेली. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मामीच तेवढ्या बसून होत्या, मामांचा हात धरून.

आत जाऊन मामांनी मॅडमना विचारलं, "पाणी कोणी बदललं?"

"हिरवं पाणी पडद्यावर गढूळ दिसत होतं. मीच सांगितलं नळाचं भरायला."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मॅडम चष्मा पुसत राहिल्या. "वाटलं होतं, शेवटपर्यंत टिकतील."

म्हणजे ठाऊक होतं. नर्तकीला मात्र नव्हतं. ती मामांना मिठी मारायला धावत आली, तेव्हा ते रिकाम्या बरण्या पिशवीत भरत होते.

कार्यक्रमाचे पुढे चौदा प्रयोग झाले. पिसवा दर वेळी बाहेरून मागवल्या. मामांनी निवृत्तीपर्यंतचं दीड वर्ष सामानाच्या खोलीत काढलं.