मुंग्यांची तपासणी

आमच्या ह्यांना मधुमेह आहे हे चांद्याच्या डॉक्टरांच्या आधी मुंग्यांना कळलं. गोठ्यामागे हे लघवीला बसत, तिथे मुंग्यांची रांग लागे. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील.

डॉक्टरांनी कागद लिहून दिला: भात, साखर, गूळ, बटाटा बंद. पायाला जखम होऊ देऊ नका, चिघळली तर पाय कापावा लागेल, असंही बजावलं. मी पायासाठी घाबरले, हे भातासाठी. आमचं गाव धानाचं. भात न खाणारा माणूस एक तर मरणाच्या दारात, नाही तर बायकोशी भांडलेला, अशी तिथली समजूत. मी ह्यांना ज्वारीची भाकर वाढू लागले तेव्हा गावाने दोष मलाच दिला.

हे शाळेत गुरुजी. पोराने धड्यातला एक शब्द गाळला की छडी. तोच कायदा त्यांनी डॉक्टरांना लावला. चैतात शेजारणीने मोहफुलांचे लाडू पाठवले, ह्यांनी माझ्यादेखत दोन खाल्ले. मी अडवलं तर कागद पुढे केला.

"मोह कुठी लिहिला आहे, दाखव मले."

शहरातल्या डॉक्टरांना मोहाचा लाडू ठाऊक नव्हता, हा त्यांचाच गुन्हा ठरला.

मग मी कागद गुंडाळून ठेवला आणि मुंग्यांवर भिस्त ठेवली. सकाळी शेण काढताना गोठ्यामागे बघायचं. रांग दिसली की त्या दिवशी भाकरही अर्धीच. हे धुसफुसत, पण मुंग्यांना छडी मारता येत नव्हती. पावसाळा सरता सरता मुंग्या खरंच नाहीशा झाल्या. मला इतका आनंद झाला की मी देवीला नारळ फोडला.

पंधरा दिवसांनी पलीकडच्या घरची म्हातारी आली. ओशाळून म्हणाली, "बाई, मुंग्या आता आमच्या गोठ्यामागं येऊन राह्यल्या. गुरुजी रोज तिथीच जाते."

संध्याकाळी मी भांडायला पदर खोचूनच उभी होते. हे आले ते लंगडत. बांधावरचा काटा आठ दिवसांपूर्वीच लागला होता आणि माझ्या भीतीने त्यांनी तो लपवला होता. अंगठा काळा पडला होता. मी भांडण विसरले आणि रडत बैलगाडी जुंपायला सांगितली. चांद्याला पाय वाचला, अंगठा गेला. मी डॉक्टरांना कागदावर मोह लिहायला लावला. पुढे कित्येक वर्षं मला ह्यांचा राग येत राहिला. हे गेले तरी तो गेला नाही.

आता तेच दुखणं मला निघालं आहे. सुनेने भिंतीला कागद चिकटवला, त्यात मोह पहिल्याच ओळीत, माझ्याच सांगण्यावरून. काल शेजारणीकडे बसले होते, तिने लाडू पुढे केला आणि मी तो खाल्ला. घरी येताना पदराने तोंड पुसलं, दोनदा पुसलं. दारात सून उभी होती. काल पहिल्यांदाच मला ह्यांचा राग आला नाही.