आरशातला भाव

आमच्या न्हाव्याला अख्खा रस्ता ‘उतरेल’ या नावाने ओळखतो. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी उन्हाने विटून कोरी झाली आणि ती परत रंगवून घ्यावी असं त्याला कधी वाटलं नाही. पेट्रोलचा विषय निघाला की तो वस्तरा हवेत धरतो आणि म्हणतो, “उतरेल.” आणि विषय रोजच निघतो. दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, पंप आहे आणि गिऱ्हाईक सगळं आमच्यासारखं. टॅक्सीवाले, टेम्पोवाले, शाळेच्या बसचा एक जाडा ड्रायव्हर.

मी टॅक्सी चालवतो. पेट्रोल चढलं की माझं पोट खपाटीला जातं, तेव्हा या विषयात मला कोणी अक्कल शिकवलेली खपत नाही. तरी मी वर्षानुवर्षं त्याच्याच खुर्चीत मान मागे टाकून त्याचं तत्त्वज्ञान ऐकतो आहे, कारण हात त्याचा फार हलका. गळ्याशी वस्तरा असलेल्या माणसाशी वाद घालू नये एवढं व्यवहारज्ञान मलाही आहे.

त्या दुकानात पेट्रोल स्वस्त होण्याची कारणं रोज ताजी मिळतात. बसवाला म्हणतो, कुठलीशी लढाई थांबली की उतरेल. टेम्पोवाला म्हणतो, सगळे बॅटरीवर गेले की तेलवाले आपल्या पाया पडत येतील. उतरेलचं म्हणणं सगळ्यांत सोपं. “वाढलेलं कधी ना कधी कमी होतंच. केसांचं बघ.”

“केस कापायला तू आहेस,” मी एकदा म्हटलं. “भाव कापायला कोण आहे?”

त्यावर त्याने माझं डोकं जरा जोरातच खाली दाबलं.

आता यातली खरी गंमत ऐका. पेट्रोल चढलं की हा पठ्ठ्या दाढीचे दर वाढवतो. वस्तरा काही पेट्रोलवर चालत नाही, पण “महागाई बघतोस ना” म्हणून वाढवतो. मध्ये एकदा पेट्रोल थोडं खाली आलं, तेव्हा मी म्हटलं, “आता दाढी उतरव.” तर गंभीर चेहऱ्याने म्हणतो, “एकदा वाढवलेला दर कोणी खाली आणतं का? वेडा आहेस.” बसवाला पोट धरून हसला. उतरेलला मात्र आपण काय बोललो ते शेवटपर्यंत कळलं नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण वहिनींचं काय?

वहिनी म्हणजे त्याची बायको. दुकानामागच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, उसवलेलं शिवायचं, अशी कामं त्या करतात आणि मधल्या दारातून दुकानातलं सगळं ऐकतात. त्यांची थोरली बहीण समुद्राकाठच्या गावात राहते. गाडीने सकाळी निघालं तर जेवायला पोचता येतं, एवढंच अंतर. पण वहिनींना बस लागते. नुसती लागत नाही, पहिल्याच वळणावर त्यांचे असे हाल होतात की ड्रायव्हरच हात जोडतो. काच खाली केलेल्या छोट्या गाडीत मात्र त्या मजेत बसतात. म्हणून तर उतरेलने एका गिऱ्हाइकाची जुनी, फिकट हिरवी गाडी घेतली होती. घेतली त्याच महिन्यात पेट्रोल चढलं. तेव्हापासून “उतरलं की जाऊ.”

गाडी दुकानाच्या बाजूला उभी. दर रविवारी हा ती धुतो, सुरू करतो, कोपऱ्यापर्यंत नेतो आणि परत आणतो. त्या कोपऱ्यापर्यंतच्या प्रवासात वहिनी शेजारी बसतात, काच खाली करतात आणि परत आल्यावर उतरून मशीनवर बसतात. मी म्हटलं, माझ्या टॅक्सीतून सोडतो, फक्त पेट्रोलचं दे. “तुझी टॅक्सी काय पाण्यावर चालते?” म्हणाला. मी म्हटलं, बरं, तेही देऊ नकोस. तर उपकार नकोत म्हणाला. असल्या माणसाला काय करायचं? मध्ये पेट्रोल खाली आलं होतं म्हणालो ना, तेव्हा वहिनींनी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. “दोन दिवस थांब, अजून उतरेल,” हा म्हणाला. दोन दिवसांनी भाव होता त्याच्याही वर गेला. वहिनींनी पिशवी रिकामी केली. माझीच तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि यंदा त्या बहिणीचा फोन आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजर जात चालली आहे आणि ती थांबवायचा उपाय नाही. मधल्या दारातून आम्हाला फोनचा आवाज ऐकू येत होता. “उतरलं का गं?” बहीण विचारत होती. “नाही ना ताई, अजून नाही.” मग पलीकडून, “मला दिसतंय तोवर ये गं.”

उतरेल वस्तरा पट्ट्यावर घासत राहिला. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही, चेहरा पडला होता. पण एकदा धरलेला हट्ट सोडायचा कसा, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

आता त्याच्या कामाची एक खोड सांगायला हवी. न्हाव्याचं तोंड दिवसभर आरशाकडे आणि पंप त्याच्या पाठीशी. म्हणजे पंपावरचा भावाचा बोर्ड त्याला दिसायचा तो आरशात, उलटा. वर्षानुवर्षं उलटंच बघून त्याला उलटं वाचायची सवय झाली होती. मागच्या बाकावर कोणी पेपर धरला तर आरशातून बातम्या वाचायचा. पंपावरच्या जुन्या बोर्डावर पत्र्याचे आकडे टांगलेले असायचे. मिशीवाला कामगार शिडी लावून ते बदलायला लागला की हा आमच्या गालावर हात थांबवून, न वळता, भाव जाहीर करायचा. कधी चुकला नाही. त्यामुळे आम्हीही मान वळवून बघायचं सोडून दिलं होतं.

त्या सकाळी मी खुर्चीत होतो. चष्मा काढून फळीवर ठेवलेला, डावा गाल साफ, उजव्यावर फेस. चष्म्याशिवाय मला पंपच दिसत नाही, बोर्ड कुठला दिसायला? पंपावर रातोरात नवा बोर्ड लागला होता, लाल दिव्यांचा. लिफ्टमध्ये किंवा घड्याळात असतात तसे काड्या जोडून केलेले इंग्रजी आकडे. उतरेलने आरशात पाहिलं आणि त्याचा हात थांबला.

“अरे,” तो म्हणाला. “एकशे एकवीस.”

“काहीतरीच काय. काल एकशे एकोणपन्नास होता.”

“एकशे एकवीस! आणि आकडे बघ, आरशातसुद्धा सुलटे दिसतात. विज्ञान कुठल्या कुठे गेलंय!”

काड्यापेटीतल्या काड्या घ्या आणि तसला पाच मांडून आरशासमोर धरा. दोन दिसतो. सुलटा, स्वच्छ दोन. बोर्डावर एकशे एक्कावन्न होते. पेट्रोल त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा दीडशेच्या वर गेलं होतं आणि आमचा उतरेल दुकानात नाचत होता.

“अगं ए! उतरलं! आवर, निघायचंय!”

मशीनचा आवाज बंद झाला. वहिनी दारात आल्या. “नक्की?”

“आत्ताच्या आत्ता. टाकी भरू आणि तसेच पुढे. या वेळी थांबायचं नाही.”

वहिनी दोन मिनिटांत पिशवी घेऊन हजर. मला वाटतं ती भरलेलीच असावी. उतरेलने वस्तरा पुसला, किल्ली घेतली आणि बाहेर पडला.

“अरे, माझा गाल!” मी ओरडलो.

“येऊन करतो!”

मी चाचपडत फळीवरून चष्मा शोधला, त्यावर फेस लागला, तो गळ्यातल्या कापडाला पुसला आणि दारात येऊन समोर पाहिलं. एकशे एक्कावन्न. हिरवी गाडी पंपात शिरली होती. मी गळ्यात कापड, अर्ध्या तोंडाला फेस अशा अवतारात रस्ता ओलांडायला निघालो. हॉर्न वाजले, एका टेम्पोवाल्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली. मी पोचलो तेव्हा मिशीवाला नळी काढून टाकीचं झाकण लावत होता. उतरेल आत बसूनच त्याला बॅटरी, लढाया आणि संयमाचं फळ यांवर व्याख्यान देत होता. मिशीवाल्याने किती झाले ते सांगितलं.

“किती?” उतरेल म्हणाला. मग त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो बोर्ड सरळ पाहिला.

इतका पांढरा पडलेला माणूस मी फेस लावल्याशिवाय पाहिला नव्हता.

“काढ,” तो म्हणाला. “परत काढ.”

“भरलेलं परत घेत नाही,” मिशीवाला म्हणाला.

“अर्धं काढ!”

“साहेब, इथे अर्धी टाकी आणि अर्धी दाढी दोन्ही चालत नाही,” माझ्याकडे बघत तो म्हणाला. मागे रांग लागली होती, हॉर्न सुरू झाले. उतरेलने रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, झालं, आता हा गाडी दुकानाशी नेऊन लावणार आणि ही टाकी वर्षभर सोन्यासारखी जपत बसणार. मला वहिनींच्या तोंडाकडे बघवेना.

वहिनींनी पर्स उघडून पैसे मिशीवाल्याच्या हातात दिले. मग काच पूर्ण खाली केली.

“अहो, चला आता,” त्या म्हणाल्या. “लोक खोळंबलेत. आणि घराकडे वळायचं नाही, समुद्र उजवीकडे आहे.”

तो उजवीकडे वळला.

दिवसभर मी अर्ध्या दाढीने टॅक्सी चालवली. दुसऱ्या न्हाव्याकडे जाऊन उरलेला गाल करून घेणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. एका बाईंनी मागच्या सीटवरून विचारलं, “काही नवस वगैरे का?” मी म्हटलं, “पेट्रोल उतरेपर्यंत अशीच ठेवणार.” त्यांनी उतरताना वरचे सुटे परत मागितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरेलचं दुकान उघडलं. त्याने माझ्या उजव्या गालाला फेस लावला. नाक उन्हाने लाल झालं होतं. वहिनी मधल्या दारात कोणाची तरी पँट उसवत उभ्या होत्या.

“मला एक कळत नाही,” उतरेल अखेर आरशातल्या बायकोला म्हणाला. “मी गाडी चालवत होतो, माझं लक्ष रस्त्याकडे. तू तर शेजारी बसली होतीस. पंपात शिरताना तुला बोर्ड दिसला नाही?”

“दिसला की. मी काय आरशात बघत होते?”

उतरेल वळला. वस्तरा माझ्या कानापाशी तसाच. “मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर?” वहिनी म्हणाल्या.

तो परत माझ्या गालाकडे वळला. मला विचारायची भीती वाटत होती, तरी विचारलं. “वहिनी, ताई कशा आहेत? ओळखलं का त्यांनी?”

वहिनींच्या हातातली कात्री थांबली.

“गाडीतून उतरले,” त्या म्हणाल्या. “ती ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली. मी म्हटलं, आता हिला आवाज द्यावा लागणार, हात हातात घेऊन सांगावं लागणार मी कोण ते. फाटकाशीच पाय अडकले माझे. तर तिथूनच ओरडली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.” वहिनी हसायला लागल्या आणि हसता हसताच त्यांनी त्या पँटीच्या पायाने डोळे पुसले. “‘अगं, केवढी जाड झालीस!’”

उतरेलने माझा गाल पूर्ण केला, कापड झटकलं आणि आरशात बघायच्या ऐवजी दारात जाऊन बोर्ड पाहिला. भाव आणखी वर गेला होता.

“रविवारी लवकर निघू,” तो आत बघून म्हणाला. “तिला दिसतंय तोवर.”

आणि माझ्या दाढीचे दर वाढवले.