सांध्यात सापडलेली तिसरी

मंडळी, दुपारपासून मी सगळी कामं टाकून भिंतीकडेच बघत बसलेय.

रत्नागिरीतलं आमचं चिऱ्याचं घर आजेसासऱ्यांनी १९३०च्या सुमारास बांधलेलं. बाहेरून मागाहून मारलेलं सिमेंट ओल धरतं, म्हणून आज खरवडायला घेतलं. आतले चुन्याचे सांधे अजून शाबूत! आणि एका सांध्यात तिसरीची अख्खी शिंपली.

"वहिनी, ही भट्टीत भाजायची राहिली," आमचे गवंडी पांडूदादा म्हणाले. "तेव्हा चुना शिंपल्यांचाच. घराघरातून गोळा करायचे."

म्हणजे कुणाकुणाच्या ताटात उरलेल्या शिंपल्यांनी हे घर नव्वद पावसाळे धरून ठेवलंय!

काल आमच्याकडे तिसऱ्यांचं सुकं होतं. शिंपल्या आज सकाळीच मी घंटागाडीत टाकल्या.

तुमच्याकडच्या कुठे जातात हो?